एका आखूड तारेचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तलवारी आणि तहनामे उभे राहतात. शाळेत मुलांना मी तोच शिकवतो, आणि आवडीने शिकवतो. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मला जो इतिहास सापडला तो आमच्या बावड्याच्या घराच्या पडवीत, सरपणाच्या ढिगाआड, गोणपाटाखाली झाकलेला होता. त्याला दोन चाके होती, दोन पेडल होती, आणि उंदरांनी त्याच्या सीटमध्ये संसार थाटला होता. ती माझ्या आईची लुना.

"भंगारवाल्याला देऊन टाक," असे आई दर दिवाळीच्या साफसफाईला सांगे, आणि मी दर दिवाळीला ती गाडी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवीत असे. यंदा मात्र ती चालू करायचीच असे मी मनाशी ठरवले. यंत्रातले ज्ञान माझे बेताचेच. पण सुट्टी होती, हौस होती, आणि बाजारपेठेतले एक म्हातारे मिस्त्री, ज्यांना सारा गाव अण्णा म्हणतो, ते हाकेच्या अंतरावर होते.

ह्या गाडीचे कुळ शोधू गेले तर ते दुसऱ्या महायुद्धाच्या राखेत सापडते. युरोपातले कारखाने बेचिराख झाले होते, पेट्रोल दुर्मिळ होते, आणि माणसांना पोटासाठी कामावर तर जायचे होते. तेव्हा सायकलीलाच एखादे चिमुकले इंजिन जोडण्याची युक्ती निघाली. इटलीत 1946 सालापासून डुकाटीच्या कारखान्यात असे एक इंजिन होऊ लागले. त्याच्या भुंकल्यासारख्या आवाजावरून त्याला 'कुच्चोलो', म्हणजे कुत्र्याचे पिल्लू, हे नाव मिळाले होते. त्याच साली फ्रान्समध्ये पुढच्या चाकावर इंजिन बसवलेली व्हेलोसोलेक्स विक्रीला आली. 1952 साली एका स्वीडिश पत्रकाराने 'मोटर' आणि 'पेडल' ह्या दोन शब्दांची सुरुवातीची अक्षरे जोडून 'मोपेड' हा शब्द घडवला, आणि तो जगभर रूढ झाला. इटलीतल्याच पियाज्यो कंपनीचा विमानांचा कारखाना युद्धात बॉम्बने उद्ध्वस्त झाला होता. तिने 1946 साली व्हेस्पा स्कूटर काढली आणि 1967 साली 'चाओ' नावाची मोपेड. इटालियन माणूस भेटतानाही 'चाओ' म्हणतो आणि निरोप घेतानाही 'चाओ'च म्हणतो. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गाडीला याहून साजेसे नाव कोणते!

ह्या चाओच्या धर्तीवर, पियाज्योच्या परवान्याने, 1972 साली कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली. ह्या उद्योगाचे संस्थापक हस्तीमल फिरोदिया हे नगरचे, आताच्या अहिल्यानगरचे. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया नामवंत वकील आणि स्वातंत्र्यसैनिक होते, आणि पुढे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. तो काळ रांगांचा होता. स्कूटरसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. अशात 50 घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊन ही किरकोळ देहाची गाडी आली. चहाचा कप अर्धा भरावा एवढी त्या इंजिनाची पोकळी! पण पुढच्याच वर्षी, 1973 साली, जगात तेलाचे संकट आले, पेट्रोल महाग झाले, आणि थोडक्यात भागवणाऱ्या गाडीचे महत्त्व एकदम लोकांना पटले. गिअर नाहीत, बॅटरी नाही, पेट्रोल संपले तर पेडल मारावे. शिक्षक, कारकून, दूधवाले, विमा एजंट आणि मुख्य म्हणजे स्त्रिया, ज्यांना रांगेत कुणी धरतच नव्हते, अशांच्या दारी ही गाडी आली. पुढे 1980 साली दक्षिणेतून टीव्हीएस-50 आली आणि चुरस सुरू झाली, तरी आमच्याकडे मात्र कुठल्याही मोपेडला लोक कितीतरी वर्षे लुनाच म्हणत.

माझी आई आरोग्यसेविका होती. लोक तिला नर्सबाई म्हणत. बावडा आणि भोवतालच्या वाड्यावस्त्या तिच्याकडे होत्या. तिने 1983 साली कर्ज काढून जुनी लुना घेतली तेव्हा गावात कुजबुज झाली. पांढऱ्या साडीतली सून फटफटीवर! पण बाळंतपणाला वेळेवर पोहोचणाऱ्या बाईला नावे ठेवणे कुणालाच फार दिवस परवडत नाही.

1985 साली देशभर सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर अशा सहा रोगांविरुद्धची ती मोहीम. लस बर्फाच्या डब्यातून न्यायची, आणि बर्फ वितळण्याच्या आत मुलाच्या तोंडात थेंब पडले पाहिजेत. आमच्या भागात दिवाळी सरली की साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि बीड-नगरकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. उसाच्या फडाकडेला पाचटाच्या कोप्या पडतात. ती मुले आज इथे तर उद्या दुसऱ्या फडावर. त्यांना गाठायचे म्हणजे बर्फाशी आणि टोळीशी एकदमच शर्यत. त्या शर्यतीत आईच्या बाजूने ही लुना होती.

मला लहानपणची आठवते ती आईची एक सवय. गाडी काढण्यापूर्वी ती टाकीचे झाकण उघडून आत बघे, झाकण लावी, गाडी हलवून आतला आवाज कानाने ऐके, आणि पुन्हा झाकण उघडून बघे. मला त्याची गंमत वाटे. 1992 साली तिची बदली झाली, ती एस.टी.ने जाऊ लागली, आणि गाडी पडवीत गेली ती कायमची.

आता दुरुस्तीचे सांगतो. पिस्टन सिलिंडरात घट्ट बसला होता. प्लगच्या भोकातून डिझेल सोडून चार दिवस तसेच ठेवले, मग फ्लायव्हील हाताने हलके हलके मागेपुढे केले, आणि एका सकाळी पिस्टन कुरकुरत सुटला. टाकीत मूठभर नट-बोल्ट टाकून खळखळ हलवली तेव्हा गंजाचे तांबडे पाणी निघाले. सायलेन्सरमधली काजळी जाळली, कार्बोरेटरचे बारीक छिद्र फुंकून साफ केले. इतके झाले, पण ठिणगीचा पत्ता नाही.

ही ठिणगी कशी पडते ते समजून घेण्यासारखे आहे. बॅटरी नसलेल्या गाडीत वीज येते कोठून? फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूस चुंबक बसवलेले असतात. ते तांब्याच्या कॉइलभोवती फिरले की कॉइलमध्ये वीज उत्पन्न होते. हे तत्त्व फॅरडेने 1831 साली दाखवून दिले. ऐन क्षणाला 'पॉइंट' नावाची दोन टोके जेमतेम 0.4 मिलिमीटर उघडतात, वाहता प्रवाह तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने दुसऱ्या कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब चढून प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी वाया जाऊ नये म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. जास्त दाबाच्या मॅग्नेटोचे हे तंत्र जर्मनीत बॉशच्या कारखान्यात होनोल्ड नावाच्या इंजिनिअरने 1902 साली सिद्ध केले. दिव्यासाठी निराळी कॉइल असते, म्हणून गाडी हळू झाली की दिवाही मंदावतो. थोडक्यात, ही गाडी आपली वीज आपणच करते. तिला कुणापाशी मागायची नसते.

मी पॉइंट पॉलिश पेपरने घासले, फीलर गेजने फट मोजली, कंडेन्सर नवा बसवला, उंदरांनी कुरतडलेल्या तारा काढून नव्या ओढल्या, जोड डाखले, वर स्लीव्ह चढवले. प्लगला निळी ठिणगी दिसली तेव्हा मी आनंदाने ओरडलोच. पेट्रोलात तेल मिसळून टाकीत ओतले, पेडल मारले, आणि कितीतरी वर्षांनी ते इंजिन धुराचा लोट सोडत फटफटू लागले. आई ओट्यावर येऊन बसली. बोलली काही नाही.

मी अंगणात एक फेरी मारायला निघालो. तुळशीवृंदावनापाशी डावीकडे वळलो आणि गाडी बंद! पुन्हा चालू केली, पुन्हा डावीकडे वळताना बंद. मग तर चालूच होईना. अण्णांना बोलावले. ते उकिडवे बसले, विडी विझवली आणि म्हणाले, "गुर्जी, नवं सामान बसवून काय हुतंय? तारंमागं जावा, तारंमागं."

एवढ्यात ओट्यावरून आई म्हणाली, "डावीकडेच बंद पडते ना? त्या रात्रीही मी डावीकडेच वळत होते."

कोणती रात्र ते मला तेव्हा प्रथम कळले. 1988 सालचा हिवाळा. टोळी पहाटे दुसऱ्या फडावर निघणार असा निरोप आला, म्हणून ती लसीचा डबा घेऊन रात्रीच निघाली. ओढ्याच्या वळणावर गाडी बंद पडली. अंधारात पेडल मारून ती थकली, मग गाडी ढकलत चालत गेली. पोहोचली तेव्हा कोप्या मोडलेल्या, चुलींची राख नुसती कोमट होती. बर्फाचे पाणी झाले होते, लस टाकून द्यावी लागली. वरून लेखी खुलासा मागवण्यात आला. दुसऱ्या दिवशी गॅरेजात गाडी पहिल्या पेडलला चालू झाली. "गाडीत काही नाही बाई, पेट्रोल संपलं असेल," असे तिथे सांगितले गेले, आणि तिने ते खरे मानले. टाकी बघितल्याचे आठवत होते, तरी खरे मानले. त्या यादीत नऊ मुले होती.

अण्णांनी हँडलखालची नळी मोकळी केली. इंजिन बंद करण्याच्या बटणाकडे जाणारी एक तार तिथून जाते. ती टेकली की प्लगची वीज जमिनीला, म्हणजे सांगाड्याला, मिळते आणि ठिणगी नाहीशी होते. ती एवढी एकच तार मी सुस्थितीत दिसली म्हणून बदलली नव्हती. तिचा रंग इतर मूळ तारांहून निराळा होता. आम्ही घेण्यापूर्वी कुणीतरी ती बदललेली, आणि वीतभर आखूड बसवलेली. हँडल डावीकडे वळले की ती ताणे, उघडे पडलेले तांबे भोकाच्या काठाला अडके, आणि धक्का बसेपर्यंत तिथेच राही. काठावर तिने पाडलेली खाच होती, आणि त्या खाचेवर जुना गंज चढलेला होता.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. पुराव्याची मर्यादा मला ठाऊक आहे. त्या रात्री हेच घडले असे शपथेवर मला सांगता येणार नाही. पण एवढ्या पुराव्यावर आम्ही पुस्तकांतून याहून मोठमोठे निकाल देत असतो.

आईने ती खाच बोटाने चाचपली. "म्हणजे पेट्रोल होतं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण ती मुलं राहिलीच की रे."

27 मार्च 2014 रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. ते ज्या लाखो पावलांनी मिळाले त्यांत आईची पावले आहेत, तसेच हुकलेले ते एक पाऊलही आहे. ती नऊ मुले आज जवळपास माझ्याच वयाची असतील. त्यांना पुढे कुठल्यातरी फडावर, कुठल्यातरी नर्सबाईने गाठले असेल असे आम्ही मायलेक मानतो.

2024 साली विजेवर चालणारी लुना निघाली. तिला पॉइंट नाहीत, प्लग नाही, धूर नाही. चांगलेच झाले. आमच्या जुन्या गाडीत आता वीतभर लांब नवी तार आहे. त्या संध्याकाळी आई म्हणाली, "चालू कर, आणि डावीकडे वळव बघू." मी तुळशीला तीन वळसे घातले. गाडी बंद पडली नाही. भंगारवाल्याचे नाव आईने त्यानंतर काढलेले नाही.