मॉडेल विमानांचे खाजगी उड्डाणक्षेत्र

दूरनियंत्रकाने उडवल्या जाणाऱ्या लहान विमानांसाठी, म्हणजेच मॉडेल विमानांसाठी, खाजगी जमिनीवर आखलेली धावपट्टी व तिच्याभोवतीची मोकळी जागा. भिलाईजवळच्या रसमडासारख्या औद्योगिक परिसरात असे क्षेत्र आखताना वीजवाहक तारा आणि लोहमार्ग यांपासून दूरची जागा निवडावी लागते. मात्र खरी कसोटी मातीची असते. छत्तीसगडात ‘कन्हार’ म्हणून ओळखली जाणारी काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेत इवलेसे चाक अडकले की विमान नाकावर उलटते. म्हणून उंचवट्यावरील मुरमाड ‘भाठा’ जमीन रोलरने दाबून, पाणी निथळावे यासाठी मध्यभागी किंचित उंच ठेवून, तिच्यावर आखूड गवत राखणे श्रेयस्कर. पावसाळी वारे प्रामुख्याने नैर्ऋत्येकडून वाहत असल्याने धावपट्टी त्या दिशेला समांतर आखणे सोयीचे ठरते, तर उडवणाऱ्याची जागा तिच्या दक्षिण अंगाला ठेवल्यास सूर्य बहुतेक वेळ पाठीशी राहतो. जमीन खाजगी असली तरी तिची मालकी वरच्या आकाशाला लागू होत नाही. भिलाईच्या उत्तरेस नंदिनी येथे हवाईपट्टी असल्यामुळे ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनविषयक सरकारी संकेतस्थळावरील हवाई क्षेत्राचा नकाशा आधीच तपासणे आवश्यक ठरते; मॉडेल विमानांनाही लागू असलेल्या ड्रोन नियम, २०२१ नुसार त्या नकाशावरील हिरव्या क्षेत्रातही, म्हणजे एरवी परवानगी न लागणाऱ्या भागातही, पूर्वपरवानगीविना १२० मीटरांपेक्षा उंच उड्डाण करता येत नाही.