२०१६ : धाराशिवची कर्णधार

फेब्रुवारी २०१६. गुवाहाटी-शिलाँगच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खोचा प्रथमच समावेश झाला आणि भारतीय महिला संघाने अंतिम फेरीत बांगलादेशाला नमवून सुवर्णपदक जिंकले. या संघाच्या कर्णधार होत्या उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, सारिका काळे.

दुष्काळ अंगवळणी पडलेल्या या जिल्ह्यात त्यांचे बालपण कमालीच्या गरिबीत गेले. जवळपास दहा वर्षे घरात दिवसाला एकदाच जेवण होत असे, हे पुढे त्यांनीच सांगितले. खो-खोला मात्र महागडे साहित्य लागत नाही. मोकळे मैदान, दोन खांब आणि न थकणारे पाय एवढ्यावर भागते. अर्थात ते पाय उपाशीपोटी पळवणे ही निराळीच गोष्ट.

२०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो तब्बल २२ वर्षांनी आला होता.

ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली. पहिल्या हंगामात सहा संघ उतरले. सहाही पुरुषांचे. सुवर्णविजेती कर्णधार तोवर तुळजापूर तालुक्याची क्रीडा अधिकारी झाली होती.