सरहद्दीवरील शुक्रतारा

इतिहास म्हटला की झालेल्या लढाया आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु ज्या गोळ्या झाडल्याच गेल्या नाहीत, त्यांनाही इतिहास असतो. लडाखमध्ये २०१२-१३ साली घडलेले प्रकरण या दुसऱ्या जातीचे आहे.

पँगाँग सरोवर सुमारे ४,३५० मीटर उंचीवर आहे आणि त्याचा अर्ध्याहून अधिक भाग तिबेटात जातो. येथे उभयपक्षी मान्य अशी सीमा नाही. आहे ती प्रत्यक्ष ताबारेषा, आणि तीही दोन्ही देश निरनिराळी मानतात. २०१२ च्या ऑगस्टपासून येथील जवानांना चीनच्या बाजूने तेजस्वी प्रकाशगोल वर चढताना दिसू लागले. कित्येक तास ते आकाशातून सावकाश सरकत आणि मग दिसेनासे होत. टेहळणीसाठी सोडलेली ही चालकरहित विमाने असावीत, असा संशय बळावला. फेब्रुवारी २०१३ पर्यंत सैन्याने ३२९ नोंदी केल्या; त्यांपैकी १५५ वेळा या वस्तूंनी ताबारेषा ओलांडली, असे मानले गेले.

हा संशय अगदीच निराधार होता काय? तसे म्हणता येत नाही. त्या उंचीवर हवा विरळ आणि कोरडी, त्यामुळे ग्रह नेहमीहून ठळक दिसतात. रात्रीच्या आकाशात अंतराचा अंदाज घ्यावयास काही खूणही नसते. शिवाय पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रत्येक ग्रह रोज पूर्वेस उगवतो, आणि पँगाँगच्या पूर्वेस चीनचा ताबा आहे!

अखेर बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेस पाचारण करण्यात आले. प्रश्न एकच होता : हे दिवे आकाशाचे की पृथ्वीवरचे? त्याची कसोटी साधी आहे. मनुष्याने उडविलेला दिवा ताऱ्यांमधून आपली वाट काढीत जातो. ग्रह मात्र एका रात्रीत ताऱ्यांमधील आपली जागा जवळजवळ सोडीत नाही, त्यांच्याबरोबरच तासाला सुमारे १५ अंश सरकतो. या कसोटीवर एक दिवा शुक्र ठरला, दुसरा गुरू. त्या हिवाळ्यात शुक्र पहाटे उगवत होता. आणि गुरू ३ डिसेंबर २०१२ रोजी सूर्याच्या बरोबर समोर आल्यामुळे रात्रभर तळपत होता.

याउलट उदाहरण अमेरिकेचे. पर्ल हार्बरच्या हल्ल्यास तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा २४-२५ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री लॉस एंजेलिसच्या तोफांनी आकाशात १,४०० हून अधिक गोळे डागले. शत्रूचे एकही विमान पडले नाही. नौदलमंत्री नॉक्स यांनी ती खोटी हाकाटी ठरविली, तर युद्धमंत्री स्टिम्सन विमाने खरीच होती असे सांगत राहिले. तेथे तोफा आधी झाल्या, चौकशी मागाहून.

लडाखची हकीकत जुलै २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना हसू आले. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये देपसांगच्या पठारावर दोन्ही सैन्ये तीन आठवडे समोरासमोर ठाकली होती, हे हसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. अशा दिवसांत एका चुकीच्या गोळीची किंमत काय झाली असती? शुक्रास विमान समजणे ही चूक खरी. पण कडाक्याच्या थंडीत जागून त्या जवानांनी जे दिसले ते ३२९ वेळा लिहून ठेवले, आणि त्यांच्या वरिष्ठांनी आकाशाचा प्रश्न आकाश जाणणाऱ्यांना विचारला. सरहद्दीचे रक्षण बंदुकीइतकेच अशा नोंदवहीनेही होत असते.