बोरू गेला, बोटं राहिली

औरंगाबादहून वेरूळला जाताना दौलताबाद मागे पडलं की खुलताबादच्या अलीकडे कागजीपुरा लागतो. लेण्यांच्या घाईत असलेले पर्यटक तिथे क्वचितच थांबतात. मुहम्मद तुघलकाच्या काळापासून इथली कागजी मंडळी हाताने कागद बनवत आली, असं परंपरा सांगते. या टापूत लिहिणं हा धंदा होता. माझे दादा निजामाच्या कचेरीत कारकून होते आणि त्यांची सगळी मिळकत त्यांच्या खतात, म्हणजे अक्षरात होती.

हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू आली. ती कचेरीची भाषा होती. हिंदू कारकूनही तीच लिहीत. हे आज दोन्हीकडचे लोक विसरतात. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा ठरली. राज्य मराठी माणसांचं, तेव्हा भाषा मराठी हे रास्तच होतं. पण दादांचं सुंदर खत तेवढ्या काळात लग्नाच्या रुक्क्यांपुरतं उरलं.

अब्बांनी मात्र टायपिंगचा क्लास लावला. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टाइपरायटर आणला होता. पुढे तालुक्याच्या गावीही त्याची टकटक ऐकू येऊ लागली. कळांकडे न बघता दहा बोटांनी टाइप करायचं हे तंत्र गाजलं ते २५ जुलै १८८८ रोजी, अमेरिकेतल्या सिनसिनाटीत. सॉल्ट लेक सिटीचा लघुलेखक फ्रँक मॅकगरिन याने सगळ्या कळा पाठ केल्या होत्या. त्याची नजर मजकुरावरच राहिली आणि शर्यत त्याने जिंकली.

मराठीत हे जास्त कठीण. रेमिंग्टनच्या मांडणीत ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग क. भ, श, ण यांचं अर्धं अक्षर मारून पुढे काना जोडायचा. काही कळा दाबल्या तरी कॅरेज सरकतच नाही. अब्बा सांगत, पहिले काही आठवडे वेग विसरायचा. एकाच लयीत मारायचं, चुकलं की ओळ पुन्हा. हात लयीत बसला की वेग मागून येतो; वेगाच्या मागे धावणाऱ्याच्या चुकाच वाढतात. सरकारी नोकरीसाठी मराठी ३० शब्द प्रतिमिनिट हवे होते. उर्दूत वाढलेल्या मुलाला त्याआधी ऱ्हस्व-दीर्घ शिकावं लागलं, ते वेगळंच.

घरात त्यावर कुरबुर झाली. उर्दूच्या नावाने उसासे टाकणारे आपल्याकडे पुष्कळ. मुलाला मराठी टायपिंगला घालणारे थोडे. अर्थात प्रमाणपत्र घेतलं की खुर्ची मिळते असंही नाही. राज्याच्या नोकऱ्यांत मुसलमानांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने कमी असल्याचं महमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये नोंदवलंच आहे.

वेरूळची माझी भाची सध्या संगणकावर सराव करते. तिला मी इनस्क्रिप्ट सुचवली. स्वर-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या, त्यामुळे हात आलटून-पालटून चालतात. आणि इथे आधी क, मग वेलांटी. अब्बांना हे पटेना. त्यांची तर्जनी अजून वेलांटीकडे आधी धावते. भाचीचा वेग २६ वर अडकलाय. काल अब्बांनी तिच्या हातांवर दुपट्टा टाकला आणि म्हणाले, “आता मार. हळू.”