आयलंड्स इन द स्ट्रीम

केनी रॉजर्स व डॉली पार्टन यांनी गायिलेले अमेरिकन कंट्री-पॉप प्रेमगीत (१९८३). बॅरी, रॉबिन व मॉरिस गिब या ‘बी जीज’ बंधूंनी ते रचले. शीर्षक अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे (१९७०) आहे. चाल मुळात ‘रिदम अँड ब्लूज’ वळणाची होती, कंट्रीची नव्हे. ‘आइज दॅट सी इन द डार्क’ या अल्बमसाठी रॉजर्स ते एकट्यानेच गात होते. काही दिवस खटपट करूनही गाणे जमेना आणि ते त्याला कंटाळले, असे त्यांनीच पुढे मुलाखतींत सांगितले. निर्माते बॅरी गिब यांनी मग पार्टन यांचे नाव सुचवले. त्या आल्या आणि गाण्यात प्राण आला. दुसरे कडवे त्या सुरू करतात तिथे सूरपट्टीही बदलते. रॉजर्स यांच्या घोगऱ्या, संथ गळ्याशेजारी तो उंच, लखलखीत स्वर ऐकला की हे गीत दोघांचेच असल्याची खात्री पटते. ‘बिलबोर्ड’च्या मुख्य व कंट्री या दोन्ही याद्यांत ते पहिल्या स्थानी पोहोचले. १९९८ मध्ये प्रास या रॅपरने ‘घेटो सुपरस्टार’मध्ये या गीताच्या ध्रुपदाची चाल वापरली.