आरसा गेला, चौकट राहिली

निकॉन कंपनीने २०१८ साली ‘कूलपिक्स पी-१०००’ नावाचा एक कॅमेरा बाजारात आणला. त्याच्या जाहिरातीत एक आकडा ठळक होता : ३००० मिलिमीटर. तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन मीटर, जवळजवळ दहा फूट. एवढ्या लांबीचं भिंग गळ्यात अडकवून कोण हिंडणार? आणि कॅमेऱ्याचं वजन तर दीड किलोच्याही आत! आता त्याच कॅमेऱ्याच्या भिंगाच्या तोंडाशी बघा. तिथे बारीक अक्षरांत दुसराच आकडा आहे, ४.३ ते ५३९ मिलिमीटर. एकाच यंत्राच्या अंगावर दोन आकडे, आणि कायद्याने पाहिलं तर दोन्ही खरे.

पक्ष्यांचे फोटो काढायची हौस लागलेल्या माणसापुढे कधी ना कधी हा प्रश्न उभा राहतोच. असा एखादा ‘सुपरझूम’ घ्यावा, की व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात तो ‘मिररलेस’ कॅमेरा आणि त्याचं ते तोफेसारखं भिंग घ्यावं? पी-१००० अमेरिकेत आला तेव्हा त्याची किंमत हजार डॉलर होती. सोनीचं ६०० मिलिमीटरचं व्यावसायिक भिंग २०१९ साली आलं, ते तेरा हजार डॉलरला. आणि त्यात कॅमेरा नाही बरं का, नुसतं भिंग! निवृत्तीच्या पैशातून हौस भागवणाऱ्याला या फरकामागचं कारण समजायला हवं. माहितीपत्रकात ते सापडत नाही. त्यासाठी शंभरएक वर्षं मागे, जर्मनीत जावं लागतं.

वेत्स्लार या गावात लाइट्झ नावाची सूक्ष्मदर्शक बनवणारी कंपनी होती. तिथे १९११ साली ऑस्कर बार्नाक नावाचा यंत्रज्ञ नोकरीला लागला. बार्नाकला फोटोंचं वेड होतं आणि दम्याचा विकार होता. त्या काळचा त्याचा कॅमेरा १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचा घेणारा. कॅमेरा, काचांच्या पेट्या, तिकाटणं हे सगळं ओझं घेऊन डोंगर चढायचा म्हणजे धाप लागायची. बार्नाकच्या डोक्यात आलं की निगेटिव्ह लहान घ्यावं आणि चित्र नंतर मोठं करावं. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म तेव्हा मिळू लागली होती. सिनेमातली एक चौकट १८ बाय २४ मिलिमीटरची. बार्नाकने फिल्म आडवी धरली आणि अशा दोन चौकटी एकत्र केल्या. झाली २४ बाय ३६ मिलिमीटर. पहिला नमुना १९१३-१४ च्या सुमारास तयार झाला. मग महायुद्ध आलं, त्यामागून जर्मनीतली ती भयानक महागाई आली. धंदा मंदीत असताना १९२४ साली कंपनीचे मालक एर्न्स्ट लाइट्झ यांनी हा कॅमेरा बनवायचा निर्णय घेतला आणि १९२५ च्या लाइपत्सिग जत्रेत तो लोकांपुढे आला. त्याचं नाव लाइका.

व्यावसायिकांनी नाकं मुरडली. हे खेळणं आहे, असं त्यांना वाटलं. त्यांची बाजू अगदीच चुकीची नव्हती. हिशेब करून पाहा. बार्नाकच्या जुन्या काचेचं क्षेत्रफळ २३,४०० चौरस मिलिमीटर, नव्या चौकटीचं ८६४. म्हणजे चित्राची जमीन एका फटक्यात सत्तावीस पट आक्रसली! तरीही लाइका तरली. मॅक्स बेरेक या शास्त्रज्ञाने तिच्यासाठी फार चांगलं भिंग रचलं, हे त्याचं एक कारण. दुसरं म्हणजे पुढच्या वर्षांत फिल्मचा दाणा बारीक होत गेला. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यांत मोठं, कारण असं की हा कॅमेरा कोटाच्या खिशात घेऊन रस्त्यावर हिंडता येत होतं. काचांच्या पेट्या जिथे पोचतच नव्हत्या तिथे लाइका पोचली.

जर्मन भाषेत या चौकटीला अजूनही ‘लहान चित्र’ या अर्थाचाच शब्द आहे. आपण मात्र तिला म्हणतो ‘फुल फ्रेम’, पूर्ण चौकट! लहानाची पूर्ण कधी झाली? १९९९ साली निकॉनचा डी-१ आला तेव्हा त्याचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी बसलेली प्रकाश टिपणारी चकती, २४ बाय १६ मिलिमीटरहूनही किंचित लहान होती. त्याहून मोठी चकती परवडण्याजोग्या किमतीत बनवणं कठीण होतं. पुढे २००२ साली कॅनन आणि कॉन्टॅक्स यांनी २४ बाय ३६ चा सेन्सर बसवला आणि बार्नाकची ‘लहान’ चौकट ‘पूर्ण’ म्हणून मिरवू लागली. तोवर तीच सगळ्यांचं माप होऊन बसली होती. आपल्याकडे जमीन गुंठ्यात सांगतात, तसं भिंग बार्नाकच्या चौकटीच्या हिशेबात सांगतात.

जाहिरातीतले ते ३००० मिलिमीटर त्याच हिशेबातले. पी-१००० चा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा आहे, करंगळीच्या नखावर सहज मावेल एवढा. ५३९ मिलिमीटरच्या भिंगाने पाडलेल्या प्रतिमेतला मधला एवढासा तुकडाच तो उचलतो. तितकंच दृश्य बार्नाकच्या चौकटीवर भरायचं असतं तर ३००० मिलिमीटरचं भिंग लागलं असतं. बस्स, एवढाच त्याचा अर्थ.

आता या सेन्सरच्या मापाचीही एक गंमत आहे. त्याला म्हणतात ‘१/२.३ इंची’. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याला २.३ ने भागलं तर अकरा येतात. पण या सेन्सरचा कर्ण मोजला तर भरतो पावणेआठ! उरलेले सव्वातीन मिलिमीटर गेले कुठे? ते गेले १९५० च्या दशकातल्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यात. त्या कॅमेऱ्यांत काचेची नळी असायची आणि तिचं माप बाहेरच्या व्यासावरून सांगत. एक इंची नळीत चित्र पडायची जागा जेमतेम सोळा मिलिमीटर कर्णाची. नळ्या केव्हाच अडगळीत गेल्या, पण मोजायची पद्धत तेवढी राहिली. विकणाऱ्याला ती सोयीची होती, हे सांगायला नको.

झूमची गोष्ट थोडक्यात सांगतो. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले फ्रँक बॅक यांनी महायुद्धानंतर टेलिव्हिजनसाठी ‘झूमर’ नावाचं भिंग केलं आणि त्याच नावाचं, स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्याचं पहिलं झूम भिंग १९५९ साली फॉइग्टलँडर कंपनीने विकायला आणलं. त्याची मजल ३६ पासून ८२ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे सव्वादोन पट. त्याच निकॉनचा पी-९०० हा २०१५ चा कॅमेरा ८३ पट गेला आणि पी-१००० तर १२५ पट. पी-९०० ने हातात धरून काढलेली चंद्राची चलचित्रं तेव्हा जगभर फिरली. चंद्रावरचे खड्डे घराच्या गच्चीतून दिसू लागले म्हटल्यावर माणूस हरखणारच.

आणि तो ‘मिररलेस’? १९३६ साली ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीच्या एक्झाक्टापासून ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात आरसा आला. भिंगातून येणारं दृश्य तो डोळ्याकडे वळवायचा आणि फोटो घेताना खटकन वर उडायचा. निकॉनच्या १९५९ च्या ‘एफ’ कॅमेऱ्यानंतर पुढची पन्नास वर्षं व्यावसायिकांची सगळी दुनिया त्या आरशावर चालली. २००८ साली पॅनासॉनिकने बदलत्या भिंगाच्या कॅमेऱ्यातून आरसा काढला, २०१३ साली सोनीने पूर्ण चौकटीत तेच केलं, आणि २०१८ पर्यंत निकॉन-कॅननलाही त्याच वाटेने यावं लागलं. पण शब्दाचाच अर्थ घ्यायचा तर सुपरझूममध्येही आरसा नव्हता. बार्नाकच्या लाइकातही नव्हता. तेव्हा खरा फरक आरशाचा नाही.

मग कशाचा? पूर्ण चौकटीपासून पी-१००० च्या सेन्सरपर्यंत क्षेत्रफळ उतरतं ते सुमारे तीस पटींनी. बार्नाकने मारलेली सत्तावीस पटींची उडी आठवा. जवळजवळ तेवढीच उडी पुन्हा एकदा मारली गेली आहे! पहिली जमली, मग दुसरी का जमू नये?

याचं उत्तर खगोलप्रेमींना विचारावं. दुर्बीण घेताना मुरलेला माणूस ‘किती पट मोठं दिसतं’ असं विचारत नाही, ‘किती इंची आहे’ असं विचारतो. त्याला हवा असतो तोंडाचा व्यास, कारण प्रकाश तिथून आत येतो. कॅमेऱ्यातही तसंच आहे. भिंगावर एफ/८ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ छिद्राचा व्यास फोकल लेंग्थच्या एक अष्टमांश. पी-१००० पूर्ण ताणला की ५३९ भागिले ८, म्हणजे ६७ मिलिमीटर. सोनीचं ते तेरा हजार डॉलरवालं भिंग ६०० भागिले ४, म्हणजे १५० मिलिमीटर. वर्ग करून तुलना केली तर समोरच्या फांदीवरच्या खंड्याकडून येणारा प्रकाश मोठं भिंग पाचपट गोळा करतं. पाचपट, तीसपट नव्हे! आणि बरेच हौशी लोक वापरतात ते ४०० मिलिमीटरचं एफ/५.६ चं भिंग घेतलं तर? ७१ मिलिमीटर. लांबच्या पक्ष्यापुरता हा सुपरझूम त्याच्या अगदी मागोमाग उभा आहे. त्याला खेळणं म्हणणाऱ्यांनी हा भागाकार केलेला नसतो.

आता तोच कॅमेरा आखूड करा आणि लग्नाच्या हॉलमध्ये घेऊन जा. ४.३ भागिले २.८, म्हणजे दीड मिलिमीटर. साबुदाण्याहून बारीक छिद्र! व्यावसायिकाचं भिंग तितकंच रुंद दृश्य घेताना २४ भागिले २.८, म्हणजे साडेआठ मिलिमीटर उघडतं. इथे मात्र प्रकाशाचा फरक तीस पटींच्याही थोडा वर जातो. अंतरपाट खाली येतो त्या क्षणी सुपरझूमच्या चित्रात नवरीच्या चेहऱ्यावर रवाळ डाग उमटतात, ते त्या साबुदाण्यामुळे. एकाच कॅमेऱ्याबद्दल दोन माणसं दोन टोकांची मतं देतात तेव्हा पुष्कळदा एक जण त्याचं लांबचं टोक वापरत असतो आणि दुसरा जवळचं.

लांबच्या टोकालाही एक भिंत आहेच. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८३५ साली गणिताने दाखवलं की भिंग कितीही निर्दोष असलं तरी प्रकाशाचा बिंदू बिंदू राहत नाही, त्याची इवलीशी थाळी होते. एफ/८ ला ही थाळी मिलिमीटरच्या सुमारे अकरा हजारांशांएवढी असते. पी-१००० च्या सेन्सरवरचं प्रकाश टिपणारं एकेक घर जेमतेम १.३ हजारांश. म्हणजे एक बिंदू आठ घरांच्या रुंदीवर पसरतो. मग त्या १६ मेगापिक्सेलमधले बरेचसे नुसते हजेरी लावायला आलेले असतात. बार्नाकच्या अडचणीवर बारीक दाण्याची फिल्म हा उपाय होता. इथे अडवणारा दाणा नाही, खुद्द प्रकाश आहे. शिवाय दुपारी तापलेल्या माळावरची हवा थरथरते, तिच्यावर तर तेरा हजार डॉलरच्या भिंगाकडेही इलाज नाही.

वेळेचा हिशेब वेगळा. निकॉनचा ‘झेड-९’ हा २०२१ चा व्यावसायिक मिररलेस. त्यातून आरसाच काय, यांत्रिक शटरही काढून टाकलं आहे. सेकंदाला पूर्ण आकाराची वीस चित्रं तो घेतो आणि घेताना डोळ्यापुढे क्षणभरही अंधार होत नाही. उडत्या पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतो. पी-१००० सेकंदाला सात चित्रं घेतो खरा, पण सात झाली की थबकतो. तेवढ्यात शिक्रा भक्ष्य घेऊन गेलेला असतो. व्यावसायिक माणूस पैसे मोजतो ते मुख्यतः या क्षणासाठी आणि सूर्योदयाआधीच्या अर्ध्या तासासाठी. त्याची चूल त्यावर पेटते. ज्याची पेटत नाही त्याने तीन किलोचं भिंग खांद्यावर घ्यावं का, हे खांद्याला विचारून ठरवावं. बार्नाकनेही शेवटी आपल्या छातीला विचारूनच ठरवलं होतं.

आणि प्रत्येक फोटो भिंतीवर लावायचा नसतो, काही साक्षीसाठी असतात. वनपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणी खात्रीने पाहिलं नव्हतं. ते नामशेष झालं असंच मानत. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट या तिघांना ते शहाद्याजवळ, आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, पुन्हा दिसलं. त्यांनी त्याचं चित्रीकरण केलं, फोटो घेतले, आणि ११३ वर्षांचा वाद मिटला. त्या क्षणी चित्र किती देखणं आहे हे कोण विचारणार? कपाळावर ठिपके किती, छातीवर पट्टे कसे, एवढं कळलं तरी पुरे. असल्या कामाला भरदिवसा, लांबून, पक्ष्याला न उठवता फोटो घेणारा स्वस्त कॅमेरा फार मोलाचा आहे.

मोबाईल फोनने लहान कॅमेऱ्यांचा धंदा बसवला. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगात सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे गेले होते, २०२० साली एक कोटीसुद्धा गेले नाहीत. खिशातले कॅमेरे एकामागून एक बंद पडले. तरी निकॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये पी-१००० च्या जागी पी-११०० जाहीर केला, जवळजवळ तसाच, तेच १२५ पटींचं भिंग घेऊन. फोनच्या जाडीत अजून कोणाला ६७ मिलिमीटरचं छिद्र बसवता आलेलं नाही.