टाटा नॅनो मोटारीतील आगीच्या घटना व सुरक्षा

टाटा नॅनो ही टाटा मोटर्स या मुंबईस्थित कंपनीने इ.स. २००९ ते २०१८ या काळात बाजारात आणलेली चार आसनी छोटी मोटार होती. विक्री सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षभरात या मोटारीला आग लागण्याच्या वा तिच्यातून धूर निघण्याच्या काही घटना घडल्या. त्यांपैकी मार्च २०१० मधील मुंबईतील घटना सर्वाधिक चर्चिली गेली. कंपनीने नोव्हेंबर २०१० मध्ये तोवर विकलेल्या सर्व गाड्यांत विनामूल्य जादा संरक्षण बसवून देण्याची घोषणा केली. मात्र ही कृती म्हणजे ‘रिकॉल’ (सदोष वाहने माघारी बोलावणे) नव्हे, अशी भूमिका घेतली. त्या काळी भारतात वाहनांच्या रिकॉलविषयी कोणताही कायदा अस्तित्वात नव्हता. त्यामुळे भारतातील वाहनसुरक्षा, ग्राहकहक्क आणि उत्पादकाचे उत्तरदायित्व यांच्या इतिहासात या प्रकरणाला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

एकाच दुचाकीवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून स्वस्त आणि सुरक्षित चारचाकीची कल्पना सुचल्याचे टाटा समूहाचे तत्कालीन अध्यक्ष रतन टाटा यांनी वेळोवेळी सांगितले होते. म्हणजे या मोटारीच्या मूळ प्रेरणेतच सुरक्षितता अंतर्भूत होती. गाडीचा आराखडा व विकासाचे काम मुख्यतः कंपनीच्या पुण्यातील अभियांत्रिकी संशोधन केंद्रात झाले. गिरीश वाघ हे या प्रकल्पाचे प्रमुख होते.

१० जानेवारी २००८ रोजी नवी दिल्लीतील ऑटो एक्स्पो प्रदर्शनात एक लाख रुपयांची मोटार म्हणून नॅनो प्रथम लोकांसमोर आली. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथील कारखान्याची योजना भूसंपादनाच्या वादामुळे ऑक्टोबर २००८ मध्ये सोडून द्यावी लागली. २३ मार्च २००९ रोजी मुंबईत गाडीचे औपचारिक अनावरण झाले. पहिल्या फेरीत दोन लाखांहून अधिक नोंदण्या आल्या आणि त्यांतून सोडत काढून पहिले एक लाख ग्राहक निवडण्यात आले. १७ जुलै २००९ रोजी मुंबईत पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती देण्यात आल्या. गुजरातमधील साणंद येथील कारखाना २ जून २०१० रोजी सुरू होईपर्यंत गाड्या उत्तराखंडमधील पंतनगर येथे तयार होत होत्या. आगीच्या सुरुवातीच्या घटना याच काळातील आहेत.

रचना

नॅनोमध्ये ६२४ घन सेंटिमीटर क्षमतेचे, दोन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन मागील बाजूस बसवलेले होते व त्याची शक्ती मागील चाकांना मिळत असे. गाडीची लांबी सुमारे ३.१ मीटर, वजन सुमारे ६०० किलो आणि इंधनटाकी १५ लिटरची होती. पेट्रोल भरण्याचे तोंड पुढील बॉनेटखाली होते. खर्च व वजन कमी ठेवण्यासाठी एकच वायपर, प्रत्येक चाकाला तीनच नट आणि न उघडणारा मागील दरवाजा अशा अनेक काटकसरी करण्यात आल्या होत्या. सुरुवातीच्या गाड्यांत एअरबॅग नव्हती.

कोणत्याही पेट्रोल मोटारीत सायलेन्सर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे भाग चालताना अत्यंत तापतात. त्यांच्याशी कापड, प्लॅस्टिक किंवा तेलकट पदार्थाचा संपर्क आल्यास धूर निघू शकतो व पेटही घेतला जाऊ शकतो. इंजिन पाठीमागे असलेल्या गाडीत याची एक विशेष अडचण असते. ज्वाळा चालकाच्या पाठीमागे निर्माण होतात, त्यामुळे त्याला त्या उशिरा दिसतात.

आगीच्या घटना

२००९

ऑक्टोबर २००९ मध्ये देशाच्या निरनिराळ्या शहरांत नॅनोच्या स्टिअरिंगजवळील भागातून धूर निघाल्याच्या तीन घटना प्रकाशात आल्या. दिवे, इंडिकेटर इत्यादी चालवणाऱ्या संयुक्त स्विचमध्ये शॉर्ट सर्किट झाल्याचे कंपनीने सांगितले आणि या सुट्या भागाची तपासणी व बदल करण्याचे काम हाती घेतले.

२०१०

२१ मार्च २०१० रोजी मुंबईतील मुलुंड परिसरात एक कोरी नॅनो विक्रेत्याकडून ग्राहकाच्या घरी नेली जात असताना वाटेतच पेटली. आगीचा उगम मागील बाजूस होता. गाडीतील सर्व जण वेळीच बाहेर पडल्याने कोणालाही इजा झाली नाही; गाडी मात्र जळून गेली. घटनेची छायाचित्रे देशभरातील व परदेशांतील वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली. कंपनीने ग्राहकाला दुसरी गाडी किंवा संपूर्ण पैसे परत देण्याची तयारी दर्शवली. त्यानंतर एप्रिल २०१० मध्ये गुजरातमधील वडोदऱ्याजवळ आणखी एक नॅनो पेटली. आधीच्या घटनांत दोष पुढच्या स्विचमध्ये आढळला होता, तर मुंबईच्या घटनेत आग मागे लागली होती. त्यामुळे स्विच बदलून प्रश्न सुटल्याचा समज टिकला नाही.

तपास

कंपनीने आपल्या अभियंत्यांबरोबर बाहेरील तज्ज्ञांकडूनही तपास करवून घेतला. मे २०१० मध्ये जाहीर केलेल्या निष्कर्षानुसार या घटनांची कारणे त्या त्या गाडीपुरती मर्यादित होती व गाडीच्या मूळ आराखड्यात दोष नव्हता. बाहेरून जोडलेली विद्युत उपकरणे किंवा सायलेन्सरच्या भागावर राहून गेलेली बाह्य वस्तू ही संभाव्य कारणे म्हणून सांगण्यात आली. हा तपास उत्पादकानेच करवून घेतलेला होता. वाहनातील दोषांची स्वतंत्र चौकशी करून उत्पादकाला आदेश देऊ शकणारी, अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनासारखी शासकीय यंत्रणा त्या वेळी भारतात नव्हती.

विनामूल्य जादा संरक्षण

नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने नॅनोच्या सर्व मालकांना गाडी सेवाकेंद्रात आणण्याचे आवाहन केले. तोवर ७० हजारांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या होत्या. त्यांच्या सायलेन्सर व विद्युत व्यवस्थेला जादा संरक्षण विनामूल्य बसवून देण्यात येणार होते. गाडी मुळातच सुरक्षित असून ग्राहकांचा विश्वास दृढ व्हावा म्हणून ही सुविधा दिली जात आहे, असे कंपनीचे म्हणणे होते.

‘रिकॉल’ शब्द टाळण्यावर टीका झाली. याच वर्षी इतर कंपन्यांनी तो उघडपणे वापरला होता. होंडाने जानेवारी २०१० मध्ये खिडकीच्या विद्युत स्विचमधील दोषासाठी भारतातील ८,५३२ सिटी मोटारी परत बोलावल्या होत्या, तर मारुती सुझुकीने फेब्रुवारी २०१० मध्ये इंधनगळतीच्या शक्यतेमुळे सुमारे एक लाख ए-स्टार मोटारी तपासणीसाठी मागवल्या होत्या. हा फरक केवळ शब्दांपुरता नव्हता. रिकॉल म्हटल्यास दोषाची कबुली मिळते आणि गाडी तपासून घेणे निकडीचे आहे हा संदेश मालकापर्यंत पोहोचतो. ऐच्छिक सुविधा म्हटल्यास ती निकड उरत नाही व गाडी न आणण्याची शक्यता वाढते.

विक्रीवरील परिणाम

जुलै २०१० मध्ये सुमारे ९ हजार असलेली नॅनोची मासिक विक्री नोव्हेंबर २०१० मध्ये ५०९ वर आली. आगीच्या बातम्यांखेरीज वाढलेली किंमत, कर्ज मिळण्यातील अडचणी आणि लहान शहरांतील अपुरे विक्रीजाळे हीदेखील या घसरणीची कारणे मानली जातात. डिसेंबर २०१० मध्ये कंपनीने १८ महिने वा २४ हजार किलोमीटरची वॉरंटी वाढवून चार वर्षे वा ६० हजार किलोमीटर केली, तसेच दरमहा ९९ रुपयांत देखभालीची योजना आणली. त्या महिन्यात विक्री पुन्हा पाच हजारांवर गेली. २०११-१२ या आर्थिक वर्षात सुमारे ७४ हजार गाड्या विकल्या गेल्या. हा नॅनोच्या वार्षिक विक्रीचा उच्चांक ठरला. साणंद कारखान्याची क्षमता मात्र वर्षाला अडीच लाख गाड्यांची होती.

इतर तक्रारी व सुधारणा

आगीव्यतिरिक्त इंजिनाचा आवाज व थरथर, गाडी उभी असताना जड वाटणारे स्टिअरिंग आणि सामान ठेवण्याची गैरसोय या वापरकर्त्यांच्या नेहमीच्या तक्रारी होत्या. २०११ च्या अखेरीस अधिक शक्तीचे इंजिन असलेली सुधारित आवृत्ती आली. त्याच सुमारास जुन्या गाड्यांतील स्टार्टर मोटर विनामूल्य बदलून देण्याचे कामही कंपनीने हाती घेतले. जानेवारी २०१४ मधील ‘ट्विस्ट’ आवृत्तीत पॉवर स्टिअरिंग, तर मे २०१५ मधील ‘जेनएक्स’ आवृत्तीत उघडणारी डिक्की व स्वयंचलित गिअरचा पर्याय मिळाला.

धडक चाचणी

३१ जानेवारी २०१४ रोजी ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लहान मोटारींच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून धडक दिल्यावर नॅनोसह मारुती सुझुकी अल्टो ८००, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो व फोक्सवॅगन पोलो या सर्व मोटारींच्या विनाएअरबॅग आवृत्त्यांना प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. नॅनो, अल्टो व आय१० यांचा सांगाडा धडकेचा भार सोसण्यास अपुरा ठरला. म्हणजे या गाड्यांत केवळ एअरबॅग बसवून भागणारे नव्हते. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला मात्र चार तारे मिळाले. या मोटारी तत्कालीन भारतीय नियमांची पूर्तता करत होत्या, कारण त्या नियमांत पूर्ण गाडीची अशी धडक चाचणी बंधनकारक नव्हती.

कायदेशीर चौकट

२०१० मध्ये सदोष मोटारीच्या ग्राहकापुढे मुख्यतः ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ अन्वये तक्रार करण्याचा मार्ग होता. तेथे एका ग्राहकाला भरपाई किंवा बदली वस्तू मिळू शकत असे, परंतु त्याच बनावटीच्या सर्व गाड्या दुरुस्त करण्याची तजवीज त्यातून होत नसे. यापुढील टप्पे असे आहेत:

• जुलै २०१२ : भारतीय वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने ऐच्छिक रिकॉलची संहिता लागू केली.
• ऑगस्ट २०१९ : मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम संमत झाला. त्यातील कलम ११०-क नुसार पर्यावरणास, चालकास, प्रवाशांस किंवा रस्त्यावरील इतरांस अपाय करू शकणारी सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला.
• १ एप्रिल २०२१ : या कलमाखालील नियम अमलात आले. ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांना लागू असून सक्तीच्या रिकॉलसाठी उत्पादकाला वाहनांच्या संख्येनुसार १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
• १ ऑक्टोबर २०२३ : मोटारींना सुरक्षेचे तारे देणारा ‘भारत एनकॅप’ हा शासकीय कार्यक्रम सुरू झाला.

उत्पादनाची अखेर

जून २०१८ मध्ये नॅनोची केवळ एक गाडी तयार झाली. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये हा आकडा २७५ होता. २०१९ मध्ये उत्पादन झाले नाही. ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना लागू झालेले धडक चाचणीचे नियम, जुलै २०१९ पासून सक्तीची झालेली चालकाची एअरबॅग आणि एप्रिल २०२० पासूनचे भारत स्टेज-६ उत्सर्जन निकष यांची पूर्तता करण्यासाठी गाडीत मोठी गुंतवणूक करावी लागली असती.

मूल्यमापन

नॅनोच्या अपयशाची मीमांसा करताना ‘सर्वांत स्वस्त मोटार’ या ओळखीचा उल्लेख नेहमी होतो. ती ओळख विक्रीला मारक ठरल्याचे रतन टाटा यांनीही पुढे मान्य केले. स्वस्त म्हणजे निकृष्ट ही ग्राहकाच्या मनातील शंका आगीच्या छायाचित्रांनी बळावली. विकलेल्या गाड्यांच्या तुलनेत घटना मोजक्याच होत्या. परंतु त्यांमागील कारणांचा शोध, दुरुस्तीचे स्वरूप आणि त्या दुरुस्तीला काय म्हणायचे हे सर्व उत्पादकानेच ठरवले. त्यामुळे निष्कर्ष बरोबर असले तरी ते पडताळून पाहण्याचा मार्ग ग्राहकाजवळ नव्हता. टाटा मोटर्सच्याच नेक्सॉन या मोटारीला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले आणि भारतीय बनावटीच्या मोटारीला असा दर्जा प्रथमच प्राप्त झाला. नॅनोचे उत्पादन थांबले तेही याच वर्षी.